फावड्यापासून बॅकहो लोडरपर्यंत: यंत्र, रंग आणि श्रमाचा इतिहास



रस्त्याच्या कडेला चर खणणारे पिवळे यंत्र तुम्ही नेहमीच पाहता. देशाच्या कोणत्याही भागात राहत असाल, तरी बहुधा त्याला 'जेसीबी' म्हणत असाल, मग ते कोणत्याही कंपनीचे असो. या प्रकारच्या यंत्राचे नाव बॅकहो लोडर. नाणी, शिलालेख, मातीची भांडी ही इतिहासाची साधने कशी वाचावीत, हे आपण शिकतो. तसेच हे यंत्रही वाचता येते. त्याची रचना, त्याला लावली जाणारी अवजारे आणि त्याचा रंग या तीन गोष्टी आपण या टिपणात साधने म्हणून घेणार आहोत. त्यातून एका प्रश्नाकडे जायचे आहे: हे यंत्र येण्याआधी ते काम कोण करत होते आणि त्या माणसांची नोंद कोठे सापडते?

१. रचना: एका यंत्रात दोन माणसे

'बॅकहो' म्हणजे यंत्राच्या मागे बसवलेले अवजार, असा अनेकांचा समज असतो. पण यातील 'बॅक' हा शब्द खणण्याच्या दिशेसाठी आहे. बकेट जमिनीत रुतते आणि माती यंत्राच्या दिशेने मागे ओढते. 'हो' म्हणजे कुदळीच्या किंवा फावड्याच्या जातीचे, ओढून वापरायचे अवजार.

युरोपातील 'स्पेड' पायाने जमिनीत दाबून माती उचलण्यासाठी असते. आपले फावडे मात्र वरून मारायचे आणि स्वतःकडे ओढायचे असते. म्हणजे बॅकहोची हालचाल आपल्या मजुराच्या हाताला आधीपासूनच ठाऊक होती. आता यंत्राची पुढची बाजू पाहा. तिथे रुंद बकेट आहे. ती माती उचलते, वाहून नेते आणि ओतते. मागे फावडे, पुढे घमेले. मातीकामावर अनेकदा पुरुष खणत असे आणि स्त्री डोक्यावरून माती वाहत असे. या दोघांचे काम या यंत्रात एकत्र आले आणि ते चालवायला एक ऑपरेटर पुरेसा ठरला.

२. जन्म: मजुरी महाग असलेल्या देशांत

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा पास्कलचा नियम सतराव्या शतकातला. या तत्त्वावर चालणारे हायड्रॉलिक सिलिंडर दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टरच्या जोड-अवजारांत मोठ्या प्रमाणावर आले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेन-रॉय या लहान कंपनीने १९४७-४८ च्या सुमारास ट्रॅक्टरला जोडता येणारा हायड्रॉलिक बॅकहो तयार केला. १९५७ मध्ये केस कंपनीने पुढचा लोडर, मागचा बॅकहो आणि ट्रॅक्टर हे तिन्ही कारखान्यातच एकत्र जुळवलेले '३२०' हे मॉडेल बाजारात आणले.

ब्रिटनमध्ये जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ मध्ये स्टॅफर्डशरमधील अटॉक्सिटर या गावी एका लहान गॅरेजमध्ये काम सुरू केले. युद्धातले भंगार वापरून त्यांनी शेतमालासाठी एक ट्रेलर बनवला. ही त्यांची पहिली वस्तू. १९५० मध्ये कंपनी जवळच्या रोसेस्टर गावात गेली. १९५३ मध्ये तिने लोडर आणि बॅकहो एकाच ट्रॅक्टरवर बसवले. 'जेसीबी' ही तीन अक्षरे म्हणजे बॅमफर्ड यांच्या नावाची आद्याक्षरे होत.

युद्धानंतर या देशांत घरे, जलवाहिन्या आणि विजेच्या तारा यांसाठी प्रचंड खोदकाम करायचे होते. मजूर मात्र कमी होते आणि मजुरी वाढत होती. दहा माणसांचे काम एकाने करावे, ही तिथली गरज होती. हे कारण लक्षात ठेवा; भारताकडे वळल्यावर ते पुन्हा लागेल.

३. जोड-अवजारे: प्रत्येक अवजारामागे एक पेशा

केवळ चर खणणारे यंत्र वर्षातले बरेच दिवस पडून राहील. बॅकहो लोडर टिकला तो अवजारे बदलता येतात म्हणून. मागच्या बाहूला अरुंद बकेट लावली की केबलसाठी चर खणता येतो, रुंद लावली की नाला साफ करता येतो. ऑगर म्हणजे मोठा गिरमिट. तो विजेच्या खांबांसाठी खड्डे पाडतो. पुढच्या बाजूला फोर्क लावले की विटांचे थर उचलता येतात. उघडझाप होणारी बकेट माती पकडते, खरवडते आणि पसरवतेही.

यांतले सर्वांत परिणामकारक अवजार म्हणजे हायड्रॉलिक ब्रेकर. त्याच्या आतला दट्ट्या छिन्नीवर सतत आदळतो आणि खडक फुटतो. १९६० च्या दशकात जर्मनीत त्याचे उत्पादन सुरू झाले. दख्खनचे पठार बेसाल्टचे. तिथे विहीर, पाया किंवा रस्त्याचे काम घण, पहार आणि सुरुंग यांवर चालत असे. ब्रेकर आल्यावर त्यातले बरेच काम यंत्राकडे गेले.

आता प्रत्येक अवजारासमोर एक पेशा लिहून पाहा. महाराष्ट्रात माती आणि दगडाचे काम परंपरेने वडार समाजाकडे होते. मातीवडार, गाडीवडार ही पोटभेदांची नावेच कामाची विभागणी सांगतात. दक्षिणेत वोड्डर किंवा बोवी, उत्तरेत ओड, बिहार आणि उत्तर प्रदेशात नोनिया, असे मातीकाम करणारे समाज देशभर आढळतात. तलाव, बांध, कालवे आणि रेल्वेचे भराव त्यांच्या हातांनी उभे राहिले. बहुतेक ठिकाणच्या कोनशिलेवर मात्र उद्घाटकाचे नाव असते, खणणाऱ्याचे नसते.

४. रंग: दिसण्यासाठी आणि लपवण्यासाठी

ही यंत्रे पिवळीच का? अमेरिकेतील कॅटरपिलर कंपनीची यंत्रे आधी करड्या रंगाची होती. रस्त्याच्या कामावर ती दुरून दिसावीत म्हणून १९३१ च्या अखेरीस तिने पिवळा रंग स्वीकारला. जेसीबीने १९५१ पासून पिवळा वापरायला सुरुवात केली. हळूहळू सुरक्षिततेचा रंग हीच व्यवसायाची ओळख झाली.

वर्धापनदिनानिमित्त कंपन्या कधी कधी वेगळ्या रंगसंगतीच्या, मोजक्या संख्येच्या विशेष आवृत्त्या काढतात. १९८८ मध्ये जेसीबीने व्ही-८ इंजिन बसवलेले 'जीटी' नावाचे वेगवान प्रदर्शनयंत्र बनवले. त्याचे काम खणणे नव्हते, लोकांना थक्क करणे होते. अशा वस्तू अभ्यासताना एक पथ्य पाळा. त्यांतून कंपनी स्वतःला कशी पाहते ते कळते, कामाच्या जागेबद्दल फारसे काही कळत नाही.

कामाच्या जागेबद्दल जुन्या यंत्राचा रंग अधिक सांगतो. चांगला रंग हा मुख्यतः खालच्या तयारीवर अवलंबून असतो. पत्र्यावरचा गंज आणि तेल काढणे, प्रायमर देणे, वरचा थर देणे आणि भट्टीत तो पक्का करणे, असे टप्पे असतात. तयारी कच्ची राहिली, तर गंज रंगाखालून पसरतो आणि पापुद्रे सुटतात. बकेटचा रंग मात्र मातीच्या घर्षणाने जातोच; तो दोष नव्हे. उलट, विकायला काढलेल्या जुन्या यंत्राच्या बाहूवर वेल्डिंगच्या जागीच ताजा रंग दिसला, तर अनुभवी खरेदीदार तिथे भेग शोधतो. इतिहासाच्या अभ्यासकानेही तसेच करावे. जिथे साधन नुकतेच रंगवलेले दिसते, तिथे खाली काय आहे ते पाहावे.

५. १९७९: एकाच वर्षातल्या दोन घटना

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसे मातीकामावर होती. पाझर तलाव, बंडिंग, रस्ते ही कामे फावडे आणि घमेल्याने झाली. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा तयार झाला. तो १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्या प्रौढ ग्रामीण व्यक्तीला काम देणे ही शासनाची जबाबदारी ठरली.

त्याच १९७९ साली एस्कॉर्ट्स आणि जेसीबी यांचा संयुक्त उपक्रम भारतात सुरू झाला. हरियाणातील बल्लभगड येथे बॅकहो लोडर बनू लागले. पुढे जेसीबीने तो पूर्णपणे आपल्याकडे घेतला.

या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. मात्र त्या शेजारी ठेवल्या की एक ताण दिसतो. हात भरपूर असलेल्या देशात, हात कमी असलेल्या देशांसाठी घडलेले यंत्र आले. उदारीकरणानंतर महामार्ग, ग्रामीण रस्ते, केबलचे जाळे आणि शहरांतली बांधकामे वाढली, तसा त्याचा प्रसारही झाला. कर्ज काढून एक यंत्र घ्यायचे आणि तासाच्या भाड्याने द्यायचे, हा लहान गावांतही धंदा बनला. म्हणजे यंत्राने काही हातांचे काम घेतले आणि ऑपरेटर, मेकॅनिक, मालक असे नवे पेशेही दिले. पण हे नवे पेशे बहुतांशी पुरुषांकडे गेले. घमेले वाहणाऱ्या स्त्रीला ऑपरेटरची खुर्ची क्वचितच मिळाली.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात याच ताणाची दखल दिसते. कामे शक्य तितकी अंगमेहनतीने करावीत, मजुरांना हटवणारी यंत्रे वापरू नयेत आणि ठेकेदार नेमू नयेत, अशी अट त्यात घातली गेली. किमान एकतृतीयांश लाभार्थी स्त्रिया असाव्यात, असेही सांगितले गेले. मजुरांचे हजेरीपत्रक, म्हणजे मस्टर, हा या कामांचा मुख्य कागद ठरला. कोनशिलेवर न आलेली नावे सापडण्याची शक्यता तिथे आहे.

६. सारांश

बॅकहो लोडरची रचना कामाची जुनी विभागणी सांगते. त्याची जोड-अवजारे मागे पडलेले पेशे सांगतात. त्याचा रंग कंपनीची ओळख आणि यंत्राचे आयुष्य सांगतो. त्याने किती माणसांची जागा घेतली, हे मात्र यंत्रावर कोठेच लिहिलेले नाही. त्यासाठी कायदे, मस्टर आणि मौखिक आठवणी यांच्याकडेच जावे लागते.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या परिसरातील एखादा जुना तलाव, बांध किंवा कालवा कोणी खणला? ग्रामपंचायतीतील कागद आणि ज्येष्ठांच्या आठवणी यांत फरक आढळतो का?

२. खोदकामाचे यंत्र चालवणाऱ्या एखाद्या ऑपरेटरशी बोला. त्यांच्या आईवडिलांचे काम कोणते होते?

३. 'यंत्रामुळे कष्ट कमी झाले' आणि 'यंत्रामुळे काम गेले' ही दोन्ही विधाने एकाच कुटुंबाबाबत खरी असू शकतात का? उदाहरणासह लिहा.