नाणेघाटातला सतराचा पाढा

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागलं की वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाची पायवाट फुटते. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच घाटाने जुन्नरला चढायचा. माथ्यावरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी पडत, असं लोक सांगतात. तिथल्याच लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब भिंतींवर कोरलेला आहे.

डावीकडे दहा ओळी, उजवीकडे दहा. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. सातवाहन राणी नागनिकेचा मानला जाणारा हा लेख म्हणजे यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे. गाई, घोडे, हत्ती, गावं, कार्षापण नाणी, सगळं मोजून मांडलेलं. १८७७ च्या सुमारास पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्यातल्या अंकचिन्हांवर निबंध लिहिला. १८८३ मध्ये प्राच्यविद्येचे अभ्यासक ब्यूलर यांनी लेखाचं वाचन प्रसिद्ध केलं. ‘बारस’ असं अक्षरी लिहून पुढे १२ चा आकडा, अशी नोंदही लेखात आहे.

या आकड्यांत शून्य नाही आणि स्थानाला किंमतही नाही. शंभराच्या चिन्हाला चारचं चिन्ह जोडलं की ४००, हजाराच्या चिन्हाला जोडलं की ४,०००, आणि हजाराला विसाचं जोडलं की २०,०००. एका यज्ञाची दक्षिणा २४,४०० कार्षापण होती. ती लिहायला तीन जोडचिन्हं लागतात: वीस हजार, चार हजार, चारशे. त्यांची जागा बदलली तरी बेरीज तीच राहते. आपल्या २४,४०० मधला एखादा अंक सरकला, तर रक्कमच बदलते.

यादीत एके ठिकाणी दगड झिजून यज्ञाचं नाव गेलं आहे. दान मात्र वाचता येतं: १,७०० गाई, १० हत्ती, २८९ काठ्या, चांदीचे १७ कुंभ. १,७०० म्हणजे सतराची शंभरपट, २८९ म्हणजे सतरा गुणिले सतरा. वैदिक कर्मकांडात सतराचा असा आग्रह वाजपेय यज्ञात दिसतो. त्यात शर्यतीला सतरा रथ, सतरा दुंदुभी, सतरा हात उंच यूप म्हणजे यज्ञस्तंभ. हत्तींचा आकडा या पाढ्यात बसत नाही. तरीही पुसलेल्या नावाच्या जागी वाजपेय असावा, असा तर्क या अवयवांवरून करता येतो.

दुसऱ्या एका यज्ञात १०,००१ गाई दिल्या आहेत. या संख्येचे मूळ अवयव ७३ आणि १३७. त्यांच्यात कोणताही विधी सापडत नाही. इथे महत्त्व वरच्या एका गाईचं आहे. अन्यत्र ६,००१ कार्षापणही आहेत, आणि आहेराच्या पाकिटात आपणही १०१ किंवा ५०१ घालतो. आज १०,००१ लिहायला मध्ये तीन शून्यं लागतात. नाणेघाटात दहा हजारांचं एक आणि एकाचं एक, एवढी दोनच चिन्हं पुरली.