३४ नंबरची गाडी

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिस्त्री होते. इंजिन खोलायचे तेच, बांधायचे तेच, गाडी फिरवून बघायचेही तेच. म्हणून अमेरिकेत शार्लटमधल्या नॅस्कार या मोटार शर्यतमालिकेच्या संग्रहालयात गेलो तेव्हा वेंडेल स्कॉट या नावापाशी माझे पाय थांबले. हा माणूसही स्वतः बांधलेल्या ३४ नंबरच्या गाडीत बसून शर्यतीला उतरायचा.

स्कॉट व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचे. आधी टॅक्सी चालवली, महायुद्धात लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्या, परतल्यावर गॅरेज टाकलं आणि रात्री चोरटी दारू पोचवली. १९५२ साली शर्यतीच्या आयोजकांना गर्दी हवी होती. काळा ड्रायव्हर उतरवला तर काळे प्रेक्षकही तिकीट काढतील, हा त्यांचा हिशेब. वेगात कोण पक्का, हे विचारायला ते पोलिसांकडे गेले आणि पोलिसांनी स्कॉट यांचं नाव सांगितलं. म्हणजे त्यांच्या नावावर तिकिटं खपतात, हे आयोजकांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

१९६१पासून ते नॅस्कारच्या सर्वांत वरच्या गटात धावू लागले. गाड्या जुन्या, हाताखाली घरचीच मुलं.

१ डिसेंबर १९६३, फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल. अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक, २०० फेऱ्या. अखेरच्या २५ फेऱ्या उरल्या असताना स्कॉट यांनी त्या काळचे अव्वल ड्रायव्हर रिचर्ड पेटी यांना मागे टाकलं. पण विजेते म्हणून पुकारा झाला बक बेकर यांचा. करंडक त्यांना, फोटो त्यांचे. स्कॉट प्रत्यक्षात दोन फेऱ्या पुढे होते! प्रेक्षक घरी गेल्यावर अधिकाऱ्यांनी मोजणीतली चूक मान्य केली आणि बक्षिसाचे १,००० डॉलर दिले. विजेत्याने करंडक देणाऱ्या तरुणीचं चुंबन घ्यायचं, असा रिवाज होता. ती गोरी होती. स्कॉट यांचा विजय तेव्हा न पुकारण्याचं खरं कारण तेच, असं अनेक जण आजही मानतात, आणि मलाही तेच पटतं.

या अपमानाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. मला त्यातली पोटावरची लाथ जास्त दिसते. ड्रायव्हर प्रायोजकत्व मागायला कंपनीच्या दारात जातो तो करंडकासोबतचा फोटो घेऊन. तो फोटोच त्याचा माल. स्कॉट यांच्याकडे तो नव्हता. १९६६ ते १९६९ सलग चार वर्षं ते वर्षाच्या गुणतक्त्यात पहिल्या दहांत होते. एकूण ४९५ शर्यती, त्यांतल्या १४७ पहिल्या दहांत. एवढं करूनही मोठा प्रायोजक आला नाही. पेटींच्या गाडीवर १९७२मध्ये एसटीपी या प्रायोजक कंपनीचं नाव झळकलं. स्कॉट यांचा पुढच्याच वर्षी टॅलाडेगाला भीषण अपघात झाला आणि कारकीर्द जवळपास तिथंच संपली.

१९९०मध्ये ते गेले. २०१५मध्ये त्यांना नॅस्कारच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. जॅक्सनव्हिलच्या विजयाचा करंडक डेटोनाच्या ट्रॅकवर कुटुंबाच्या हाती पडला तो ऑगस्ट २०२१मध्ये. अखेर फोटोही निघाले.