चुंबकाचे दात

करोल बागेत आयुष्य गेलेल्या कोकणी गृहस्थालाही ओहोटीला उघडे पडणारे रत्नागिरी-मालवणकडील खडक विसरता येत नाहीत. त्याच खडकांना, आठ तुकड्यांचे कवच पाठीवर घेऊन, कायटन नावाचा एक मृदुकाय प्राणी चिकटून असतो. शेवाळ खरवडून तो जगतो. त्याची जीभ म्हणजे नारळाची चिमुकली खवणीच. तिच्यावर दातांच्या रांगांमागून रांगा.

हे दात चुंबकाकडे ओढले जातात, असे टॉम्लिनसन यांनी 1959 साली नोंदविले. पण ते द्रव्य कोणते, हे ठरविले हाइन्झ लोवेनस्टाम यांनी. ज्यू म्हणून हिटलरच्या जर्मनीत पदवीस मुकलेला हा भूशास्त्रज्ञ अमेरिकेत स्थिरावला होता. त्या दातांवरील काळे आवरण शुद्ध मॅग्नेटाइटचे आहे, असे त्यांनी 1962 साली सिद्ध केले.

या शोधाने खळबळ का उडावी? मॅग्नेटाइट घडावयाचे तर भूगर्भातील उष्णता व दाब हवेत, अशी तोवर शास्त्रज्ञांची समजूत होती. दख्खनच्या काळ्या पाषाणातील चुंबकी कण लाव्हाच्या आगीतूनच आलेले. त्यांचीच दिशा मोजून क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी 1956 साली दाखविले होते की, तो लाव्हा थिजला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती. आणि इकडे एक गोगलगाईचा भाऊबंद तेच खनिज समुद्राच्या थंड पाण्यात, भट्टीवाचून घडवीत होता!

त्याची रीतही पाहण्यासारखी आहे. जिभेच्या मागील टोकाला दात उगवतो तो रंगहीन व मऊ. पुढे सरकताना त्यात लोह साठून तो तांबूस होतो, आणि मग काळा. पुढचे दात झिजून गळतात, मागचे त्यांची जागा घेतात.

लिंपेट या शेजाऱ्याच्या दातांत लोवेनस्टाम यांना त्याच वर्षी गोएथाइट सापडले. जर्मन महाकवी गटे यांचे नाव मिरविणारे हे खनिज आपल्या कोकणच्या जांभ्यातही विपुल असते. तेव्हा जांभ्यावर बसलेल्या लिंपेटच्या तोंडी बसल्या दगडाचेच द्रव्य असते, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे 1975 साली ब्लेकमोर यांनी, पोटात मॅग्नेटाइटच्या कणांची माळ बाळगून चुंबकीय दिशेने पोहणारे जीवाणू प्रसिद्धीस आणले. तेव्हापासून समुद्रतळाच्या गाळातील चुंबकी कण हाती आला की, तो ज्वालामुखीचा की जिवाचा, हे भूशास्त्रज्ञास आधी तपासावे लागते.