किल्लारी

किल्लारी हे लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील, तेरणा नदीच्या खोऱ्यात वसलेले गाव. लातूरच्या दक्षिणेस सुमारे ४५ किमी. अंतरावर, लातूर–उमरगा मार्गावर ते आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाचे केंद्र म्हणून त्याची ओळख जगभर झाली. त्या एका पहाटेपलीकडे गावाविषयी फारसे लिहिले गेलेले नाही.

गावाचा परिसर इतिहासाने भरलेला आहे. कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी (आजचे बसवकल्याण) येथून जवळ, त्यामुळे भोवतालच्या गावांत चालुक्य-यादवकालीन शिवमंदिरे विखुरलेली आढळतात. किल्लारीतही नीलकंठेश्वराचे जुने मंदिर आहे. याच तालुक्यात खरोशाची जांभ्या दगडात कोरलेली लेणी आणि औशाचा भुईकोट किल्ला आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात हा भाग उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला आणि १९८२ मध्ये लातूर हा वेगळा जिल्हा झाला. कर्नाटकाची सीमा आणि लिंगायत समाजाची मोठी वस्ती यांची छाप येथील बोलीवर, सणांवर आणि ताटावर पडलेली आहे.

जुन्या किल्लारीचा खरा वारसा म्हणजे तिची घरे. काळ्या बेसाल्टचे ओबडधोबड दगड चिखलात रचून दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या भिंती उभारत. आत लाकडी खांब आणि तुळया, त्यांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर : हे माळवद. पावसाळ्यापूर्वी त्यावर मातीची नवी भर पडे, आणि पिढ्यान् पिढ्या छताचे वजन वाढत जाई. दाराशी ढाळज, आत सोपा, भिंतीत देवळ्या आणि धान्याची बळदे अशी रचना असे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही घरे थंड राहत, माळवदावर धान्य वाळे, रात्री माणसे निजत. चोर-दरोडेखोरांपासून राखण हेही जाड भिंतींचे एक कारण होते. मात्र भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींत गुंतवणारे आडवे दगड बहुधा नसत, चिखलात पकड नसे.

हा प्रदेश तेव्हाच्या नकाशात भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पट्ट्यात गणला जात होता. तरीही १९९२ पासून किल्लारीला धक्के बसत होते. ऑक्टोबर १९९२ मधील धक्क्याने घरांना तडेही गेले. १९९३ मध्ये गणेश विसर्जन आटोपून गाव झोपले असताना पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ ते ६.४ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सरकारी नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली. भिंती बाहेर-आत फुटून कोसळल्या आणि माळवदाची माती झोपलेल्यांवर आली. जेथे लाकडी सांगाडा शाबूत राहिला, तेथे भिंती पडूनही छत तरले. म्हणून माळवदाला सरसकट दोषी ठरवणे योग्य नाही. दोष मुख्यतः बंध नसलेल्या भिंतींचा होता.

माकणी येथील निम्न तेरणा धरणाच्या पाण्यामुळे भूकंप झाला, असा समज लोकांत बळावला होता. शास्त्रज्ञांत त्यावर बराच वाद झाला. पुढे राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मी. खोल छिद्र घेतले. त्यात सुमारे ३३८ मी. जाडीचा बेसाल्ट आणि त्याखाली प्राचीन स्फटिकमय खडक आढळला. २००२ च्या सुधारित मानकात हा भाग वरच्या, तिसऱ्या भूकंपक्षेत्रात धरण्यात आला.

जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात किल्लारीसह ५२ गावे नव्या जागी हलवली गेली. जमिनीच्या मालकीनुसार २५०, ४०० आणि ७५० चौ. फूट अशी तीन आकारांची घरे देण्यात आली. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. नव्या गावांचे रस्ते रुंद आणि चौकटीचे, घरे सुटी आणि सुरक्षित झाली, पण भावकीच्या गल्ल्या, ढाळजेतली बैठक आणि जनावरांचा निवारा आराखड्यात मावला नाही. लोकांनी पत्र्याची शेड, ओसरी आणि अंगणातली चूल जोडून ही घरे हळूहळू आपल्या वळणाची केली. दरवर्षी ३० सप्टेंबरला येथे मृतांना श्रद्धांजली वाहिली जाते.

रोजच्या जेवणात ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पिठले, अंबाडीची भाजी, ठेचा आणि जवस, कारळ किंवा शेंगदाण्याची चटणी असते. धपाटे आणि चुरमुऱ्यांचा सुशीला हे न्याहारीचे पदार्थ. शेजारच्या निलंग्याचा तिखट ‘निलंगा राईस’ आता लातूर शहरातही सर्रास मिळतो.

वर्षाचे मुख्य जेवण मात्र मार्गशीर्षातील वेळ अमावस्येचे, बोलीत येळवस. लातूर, धाराशिव आणि सीमेपलीकडच्या बीदर भागात हा सण साजरा होतो. कर्नाटकात तो एळ्ळ अमावस्या म्हणून ओळखला जातो. शेतात कडब्याची कोप (खोपटे) उभारतात, तीत चुना-काव लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडून पूजा करतात. नैवेद्यात भज्जी, उंडे, गव्हाची खीर आणि आंबील. हिरवा हरभरा, तूर, वाटाणा, वाल, शेंगदाणे, मेथी, चुका, कांद्याची पात असे त्या हंगामात शिवारात जे येते ते सारे बेसनात शिजवले की भज्जी होते. सोबतचे उंडे बाजरी किंवा ज्वारीच्या पिठाचे, वाफवलेले. ज्वारीचे पीठ ताकात आंबवून, लसूण-जिरे घालून केलेली आंबील बिंदग्यात (मडक्यात) घेऊन शेतात नेतात आणि पिकावर शिंपडतात. सायंकाळी पेटता हेंडगा (कडब्याची मशाल) घेऊन शेताभोवती फिरतात. लातूर शहर त्या दिवशी ओस पडते, आणि जिल्ह्यात स्थानिक सुटी असते. पाहुण्याला शेतात जेवायला बोलावणे हा मानाचा भाग, त्यात जातीधर्माची अट नसते.

भूकंपाने गावठाण हलले, शिवार मात्र जागेवर राहिले, म्हणून हा सण खंडित झाला नाही. बदल झाला तो पिकांत. सोयाबीन आणि उसाने ज्वारीची जागा व्यापली, आणि कडबा दुर्मीळ झाल्यावर कोपीसाठी उसाचे पाचट, तुराट्या किंवा ताडपत्री वापरली जाऊ लागली. तुरीचे आणि चिंचेचे महत्त्व टिकून आहे : निलंगा तालुक्यातील बोरसुरीची तूरडाळ आणि पानचिंचोलीची चिंच यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.