आठवणीची तागडी

मनुष्यानें काय खाल्लें हें त्यालाच विचारावें, यापरतें सोपें तें काय? परंतु याच प्रश्नानें आरोग्यशास्त्राला चकविलें आहे. आहाराचा रोगाशीं संबंध शोधावयाचा तर हजारों माणसांचें नित्याचें खाणें कळावयास हवें. प्रत्येकाचा घास तोलीत बसणें अशक्य. म्हणून प्रश्नावलीची युक्ति निघाली.

अमेरिकेंत १९७६ सालीं १,२१,७०० परिचारिकांची आरोग्यपाहणी सुरू झाली. १९८० सालीं त्यांना ६१ खाद्यपदार्थांची यादी धाडून, गेल्या वर्षांत कोणता पदार्थ किती वेळां खाल्ला, असें विचारण्यांत आलें. वॉल्टर विलेट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मग या तागडीचीच पारख केली. १७३ स्त्रियांनीं वर्षभरांत चार वेळां, एकेक आठवडा, अन्न तोलून टिपून ठेविलें. १९८५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: मेळ पूर्ण नव्हता, पण कामापुरता होता.

पुढें १९९९-२००० सालीं ४८४ अमेरिकन स्त्रीपुरुषांना जड हायड्रोजन व जड ऑक्सिजन असलेलें पाणी पाजून शरीरांत खर्च होणारी ऊर्जा मोजली. तेव्हां प्रश्नावलींत सरासरीनें सुमारें तृतीयांश ऊर्जा कमी सांगितली गेल्याचें उघड झालें.

तात्पर्य, ही तागडी नेमकें वजन सांगत नाहीं. अधिक कोण खातो व कमी कोण, एवढेंच सुचविते. अमुक अन्नानें अमुक रोग जडतो अशी वार्ता कानीं येतांच, तें अन्न कोणत्या तागडींत तोललें, हें सुज्ञानें आधीं विचारावें.