हाकारे आणि वाटाडे

नवरात्र उठले, की आमच्या उरवड्याच्या टेकड्यांवरचे गवत पिवळे पडू लागते. पहाटे दव, दुपारी भाजून काढणारे ऊन आणि संध्याकाळी मुठा खोऱ्याकडून येणारा गार वारा, असे तीन ऋतू एकाच दिवसात भेटतात. या दिवसांत वर्गात मी दसऱ्याची गोष्ट सांगतो. पाऊस सरला, नद्या उतरल्या, वाटा सुकल्या, की मराठ्यांच्या फौजा सीमोल्लंघन करून मुलूखगिरीला निघत. एकदा एका मुलाने उभे राहून विचारले, "गुरुजी, आता कोण करतं सीमोल्लंघन?" मला उत्तर सुचले नाही. "खाली बस," एवढेच म्हणालो. मास्तराला उत्तर येत नसले म्हणजे हे वाक्य फार उपयोगी पडते.

त्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे एका ऑक्टोबरात, चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोबाच्या मोहर्ली दरवाजावर मिळाले. पावसाळ्याचे तीन महिने बंद असलेले आतले जंगल 1 ऑक्टोबरला उघडते. दिवस उजाडायच्या आत उघड्या जिप्सी गाड्यांची रांग लागली होती. परवाने तपासले जात होते, मोबाइल काढून घेतले जात होते. प्रत्येक गाडीत एक वाटाडा चढत होता. त्याच्यावाचून गाडीला आत जाता येत नाही. पुण्यामुंबईची, हैदराबादेची, परदेशांतलीही माणसे खाकी टोप्या घालून सज्ज होती. फौजाच त्या! फरक एवढाच, की लुटीला म्हणून डोळ्यांनी पाहता येईल तेवढेच आणायचे होते.

वाघ पाहायचा आणि तसाच सोडून परत यायचे, हा रिवाज आपल्याकडे फार जुना नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मृगयेला मानाचे पान आहे. राजे गेले, सुभेदार आले, सुभेदार गेले, साहेब आले. मृगया मात्र राहिली. साहेबाच्या काळात तिची पद्धत ठरून गेली. साहेब मचाणावर बसे. आसपासच्या गावांतली माणसे ढोल, डबे, काठ्या घेऊन अर्धवर्तुळात रान उठवीत पुढे सरकत. हेच हाकारे. दोन्ही बाजूंना झाडांवर माणसे बसवलेली असत. वाघ वाट सोडून बगल देऊ लागला, की ती खोडावर टकटक करीत आणि त्याला पुन्हा मचाणाच्या रोखाने वळवीत. बार मचाणावरून होई, पण वाघासमोर पायी उभा असे तो हाकाऱ्या. छायाचित्रात मात्र साहेब असे, वाघ असे, कधी संस्थानिक असे. हाकाऱ्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ऐंशी हजारांवर वाघ मारले गेले असावेत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत सरकारी बक्षिसासाठी मारलेलेही पुष्कळ होते.

ताडोबाची कथा याहून निराळ्या ठिकाणी सुरू होते. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि त्याचा देव झाला, अशी तिथल्या आदिवासींची श्रद्धा आहे. तळ्याच्या काठी झाडाखाली त्याचे ठाणे आहे आणि पौषात तिथे जत्रा भरत असे. आमच्या मावळात वाघजाई आहे; वाघाच्या भीतीतूनच तीही देवी झाली. मुलूख दूरचा, पण मन एकच. चांद्याच्या गोंड राजांची सत्ता 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांनी घेतली आणि 1853 मध्ये भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. मोहर्लीहून तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला अजून गोंडकालीन दगडी खांब उभे आहेत. त्यांतून दोर ओवून राजा येत असल्याची वर्दी घंटांनी पुढे पोचवीत, असे सांगतात.

पुढे 1935 मध्ये या रानात शिकारीला बंदी झाली. 1955 मध्ये ताडोबाचे 116 चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक क्षेत्र राष्ट्रीय उद्यान झाले. आज आपण त्याला महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान म्हणतो. पण तो निर्णय झाला तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. विदर्भ मुंबई राज्यात आला तो 1956 च्या नोव्हेंबरात. वाघाला राज्यपुनर्रचनेची वार्ता कुणी दिली नव्हती, त्यामुळे त्याचे काही अडले नाही. 1972 मध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. त्या वर्षीच्या गणतीत देशात 1,827 वाघ भरले होते. 1973 मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ जंगलांत आपल्याकडचे मेळघाट होते. ताडोबाशेजारचे अंधारी अभयारण्य 1986 चे. पुढे दोन्ही मिळून सव्वासहाशे चौरस किलोमीटरांचे आतले जंगल व्याघ्रप्रकल्पात आले. 2022 च्या गणतीत देशात 3,682 आणि महाराष्ट्रात 444 वाघ असल्याचा अंदाज निघाला. एवढे यश आपल्या सरकारी कामांत क्वचित पाहायला मिळते, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

बंदुकीकडून डोळ्यांकडे हा प्रवास जगभर झाला. अमेरिकेत 1872 मध्ये यलोस्टोन राखले गेले. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर उद्यानात 1927 मध्ये पहिल्यांदा प्रवासी आले, तेव्हा मोटारी आल्या फक्त तीन. त्याच सुमारास आपल्याकडे वनाधिकारी चॅम्पियन रात्री वाघाचीच पावले तारेवर पाडून त्याची छायाचित्रे घेत होता. मराठीत हे वळण व्यंकटेश माडगूळकरांनी घेतले. शिकारीची हौस असलेला हा लेखक पुढे बंदूक ठेवून नुसते पाहण्यासाठी नागझिऱ्याच्या रानात जाऊन राहिला.

पण या सगळ्या बदलात एक माणूस जागचा हलला नाही. रान वाचणारा माणूस. मृगया असो की दर्शन, पुढे तोच. आमच्या गाडीतला वाटाडा पस्तिशीचा होता. ऑक्टोबरात गवत पुरुषभर उंच असते, पाणी जागोजाग असते. उन्हाळ्यासारखा वाघ पाणवठ्यावर हमखास यावा, असे नसते. तेव्हा डोळ्यांपेक्षा कानांवर भिस्त. माकड खेकसले तर त्याला वरून काहीतरी दिसले आहे. चितळ ओरडले तर बिबट्या किंवा वाघ, पण कधी नुसताच भास. सांबराने आवाज दिला तर मात्र गाडी थांबवायची, कारण ते सहसा उगाच ओरडत नाही. त्याने ओल्या मातीत उमटलेला पंजा दाखवला. मगरीच्या पाठीसारख्या सालीचा ऐन दाखवला. रस्ता ओलांडणारा गवा दाखवला. वाघ दिसला नाही.

सहप्रवाशांपैकी एक गृहस्थ कुरकुरले, "एवढा खर्च केला, तो फुकट." वाटाड्या काही बोलला नाही. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "माहा आजा साहेबलोकांच्या हाक्यात जाये जी. त्याले वाघ दिसू नये असं वाटे, अन् साहेबाले दिसावा असं. आमचं तसंच हाये गुरुजी. इथं दिसला त लोक खुश. मोहाच्या दिवसांत गावाजवळ दिसला त घरी रडारड." यात अतिशयोक्ती नाही. मोहफुले आणि तेंदूपाने वेचायला गेलेली माणसे या जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात दगावतात, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ठाऊक आहे.

मग गाडी एका विस्तीर्ण कुरणाशी आली. चितळांचा मोठा कळप निवांत चरत होता. सगळे "वा!" म्हणाले. तो म्हणाला, "गुरुजी, इथं शाळा होती."

बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे या शतकात जंगलाबाहेर वसवली गेली. 2008 पासून त्यासाठी कुटुंबामागे दहा लाख रुपयांची तरतूद होती. गावे उठली तिथे गवत आले, गवतामागे हरणे, हरणांमागे वाघ. काहींना बाहेर दवाखाना, रस्ता, वीज मिळाली आणि ती हवीही होती. म्हणून याला नुसता अन्याय म्हणता येत नाही. पण नुसते यशही म्हणवत नाही. आमच्या मुळशीच्या धरणासाठी गावे उठवली तेव्हा 1921 मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह उभारला. तो हरला आणि खोरे पाण्याखाली गेले. माझ्या पणजीचे माहेर त्या पाण्यात आहे. आज लोक ते पाणी पाहायला मोटारीने येतात, "वा!" म्हणतात आणि कणसे खाऊन परत जातात. त्या कुरणाशी मला "वा!" म्हणता आले नाही, ते यामुळे.

24 जुलै 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या व्याघ्रप्रकल्पांच्या आतल्या जंगलात प्रवाशांना तात्पुरती बंदी केली. ऑक्टोबरात ती उठली, पण नवे नियम आले: आतल्या जंगलाचा पाचवा हिस्सा एवढाच प्रवाशांसाठी, आणि मिळकतीचा वाटा स्थानिकांना. ते तीन महिने वाटाड्यांनी कसे काढले, असे मी त्याला विचारले. तो हसून म्हणाला, "वाघाचं काई बिघडलं नाई जी. आमचं बिघडलं." वाघ वाचला पाहिजे हे खरे, पण तो वाचवणाऱ्यांत या माणसाचे नाव लागले पाहिजे, हेही तितकेच खरे. आता वाटाड्यांत गावच्या बायकाही आहेत. हाकाऱ्याचे नाव कुणाला ठाऊक नव्हते. वाटाड्याच्या छातीवर निदान नावाची पट्टी असते. शंभर वर्षांत एवढी मजल मारली आहे. ती थोडी नव्हे आणि पुरेशीही नव्हे.

वेळ संपायच्या आत सगळ्या गाड्या दरवाजाबाहेर पडल्या. तसा नियमच आहे. आम्ही उतरलो, तोही उतरला. ज्या रानात त्याची शाळा होती, तिथून त्यालाही आमच्याबरोबरच बाहेर पडावे लागले.

उरवड्याला परतल्यावर मी त्या मुलाला बोलावले. "सीमोल्लंघन आता आपण सगळेच करतो," मी म्हणालो. "पण सीमा कुणाची ओलांडली, हे वाट दाखवणाऱ्याला विचारून घ्यावं." त्याला किती कळले, कोण जाणे. यावेळी मी त्याला "खाली बस" म्हणालो नाही.