टाकसाळीतील न्यूटन

न्यूटन म्हटले की सफरचंदाचे झाड डोळ्यांपुढे उभे राहते. पण हा महापंडित आयुष्याची अखेरची सुमारे ३१ वर्षे सरकारी नोकरीत होता, आणि तीही टाकसाळीत, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. कचेरीत जन्म काढणाऱ्या आपणां मंडळींस तरी ते ठाऊक असावे.

मार्च १६९६ मध्ये इंग्लंडचा अर्थमंत्री चार्ल्स माँटेग्यू याने केंब्रिजला न्यूटनकडे पत्र धाडले. लंडनच्या टॉवर किल्ल्यातील टाकसाळीच्या वॉर्डनची जागा त्याला देऊ केली होती. वर्षाला पाचसहाशे पौंड मिळतील, आणि काम म्हणाल तर सवडीने हजेरी लावण्यापुरते! रुजू होण्यापूर्वी असली आश्वासने आपल्यापैकी कोणी ऐकली नाहीत? न्यूटन गेला तो नेमका साऱ्या देशातील जुनी रुप्याची नाणी वितळवून नवी पाडण्याच्या धांदलीत. हातोड्याने ठोकून घडवलेल्या जुन्या नाण्यांच्या कडा लोकांनी कातरून कातरून त्यांचे वजन जवळजवळ निम्म्यावर आणले होते. काम आवरेना, तेव्हा बाहेरगावी पाच तात्पुरत्या टाकसाळी उघडल्या. त्यांपैकी चेस्टरच्या टाकसाळीत दुय्यम अधिकारी म्हणून गेला तो धूमकेतूचा हॅले. तेथील कारकुनांच्या भांडणांनी बिचारा पुरता बेजार झाला.

वॉर्डनच्या गळ्यात आणखी एक लोढणे असे. खोटी नाणी पाडणे हा राजद्रोह होता, आणि अशा गुन्हेगारांना हुडकून फासापर्यंत पोहोचवणे हे त्याचे कर्तव्य. हे ओंगळ काम आपल्याकडून काढून घ्यावे, असा अर्ज न्यूटनने १६९६ मध्येच केला. तो मान्य झाला नाही. मग मात्र त्याने प्रकाशाच्या प्रयोगांतील चिकाटीनेच ते हाती घेतले. खबरे नेमले, गुत्त्यांचे आणि तुरुंगांचे उंबरठे झिजवले, शेकडो जबान्या घेतल्या. गणित सुटले नव्हतेच. जानेवारी १६९७ मध्ये बेर्नुलीने युरोपातील गणितज्ञांना घातलेले कोडे त्याच्या हाती पडले, तेव्हा तो दुपारी चारला टाकसाळीतून थकून घरी आलेला होता. त्याची भाची सांगे की, पहाटे चारपर्यंत उत्तर तयार करूनच तो निजला.

या शोधात त्याला तोडीस तोड भेटला तो विल्यम चॅलोनर. खोट्या नाण्यांत मुरलेल्या या इसमाने १६९७ मध्ये चक्क पार्लमेंटपुढे टाकसाळीच्याच कारभारावर ठपका ठेवला, आणि सुधारणेसाठी आपणांस आत घ्यावे असे सुचवले. न्यूटनने त्याला आत पाऊल टाकू दिले नाही. उलट साथीदारांना फोडून एकेक पुरावा जमवला. देहान्ताची शिक्षा झाल्यावर चॅलोनरने पत्र लिहून जीवदान मागितले ते न्यूटनपाशीच. चॅलोनर निर्दोष मुळीच नव्हता. तरीही ते पत्र वाचताना मन चरकते. मार्च १६९९ मध्ये टायबर्नला त्याला फाशी दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूटन टाकसाळीचा मुख्य झाला, आणि १७२७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच जागी राहिला.

भाचजावई जॉन काँड्युइट पुढे त्याच पदावर आला. त्याने एक आठवण नोंदवून ठेवली आहे. न्यूटनने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या जबान्यांच्या पेट्याच्या पेट्या जाळून टाकल्या होत्या, आणि त्या जाळायला काँड्युइटनेच हात लावला होता.